सहा लाल फडकी

मेहुण्याचा हात मी मोडला, हे सगळ्या छावणी भागाला ठाऊक आहे. ते मी कधी लपवलं नाही. लपवता आलंही नसतं, भर दुपारी गॅरेजच्या दारात आठ-दहा माणसांसमोर मोडला. लोक अजून सांगतात. मी समोर बसलेलो असलो तरी सांगतात, आणि मी मान खाली घालून ऐकतो. तेव्हा ते काही गुपित नाही. गुपित दुसरंच आहे. ते मी बायकोला सांगितलं नाही, देवापुढं उभा राहून मनातल्या मनातसुद्धा कधी पुरतं उच्चारलं नाही. आज तुम्हाला सांगतो. तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असंल. ओळखीच्या माणसाला सांगायला छाती लागते. ती माझ्यात नाही.

माझं नाव राहू द्या. सगळे मिस्त्रीच म्हणतात. घर पुंडलिकनगरला, गॅरेज छावणीत, जुन्या गाड्यांचं. ज्या गाडीपायी हे घडलं ती साहेबांची. साहेब म्हणजे चिकलठाण्याकडचे एक कारखानदार. भला माणूस, पण त्या गाडीवर बायको-पोरांपेक्षा जीव. जर्मनीची, पळायची गाडी, दोघांनी बसायची, बुटकी, बेडकासारखी. इंजिन मागच्या बाजूला, आणि त्या इंजिनात पाण्याचा थेंब नाही. रेडिएटरच नाही. मागं एक मोठा पंखा, तो हवा फेकणार, वरच्या टोपणाखालून ती हवा सहा सिलिंडरांवरून खेळत जाणार, आणि त्या हवेवरच ते इंजिन जगणार. मराठवाड्यात हे काम करणारे त्या वेळी आम्ही दोघंच होतो. मी आणि माझा मेहुणा, दत्ता.

हे काम मला चाचांनी शिकवलं. चाचा माझे उस्ताद, आता नाहीत. शिकवलं म्हणजे काय — हाणलं. नट चुकीचा फिरवला की बोटाच्या सांध्यावर पाना बसायचा. माझी दोन नखं त्यांनीच काळी केली, ती पुढं तशीच उगवली. पण एक गोष्ट त्यांनी अशी घोकून घेतली की ती विसरणं म्हणजे बापाचं नाव विसरणं. इंजिन उघडलं की हवा-पेट्रोल आत जायची सहा तोंडं उघडी पडतात. त्यात काही पडू नये म्हणून प्रत्येक तोंडात एक फडकं कोंबायचं. फडकं लालच पाहिजे. आणि इंजिनाच्या आसपास लाल सोडून दुसऱ्या रंगाची चिंधी आणायचीच नाही. सहा गेली, सहा बाहेर आली पाहिजेत, आणि मोजणाऱ्यानं मोठ्यानं बोलून मोजायची. चाचा म्हणायचे, "पानी की गाडी चिल्ला के मरती मियाँ, हवा की गाडी चुपचाप मरती." पाण्याच्या गाडीचं पाणी संपलं की काटा चढतो, वाफ निघते, ती बोंब मारते. हवेच्या गाडीत एखाद्या सिलिंडरची हवा अडली तर काटा तिथल्या तिथंच. आत एकटं सिलिंडर भाजत राहतं, आणि तुम्हाला कळतं तेव्हा सगळं संपलेलं असतं.

आता दत्ताबद्दल. सुमनचा — माझ्या बायकोचा — धाकटा भाऊ. करमाडचा. आयटीआय करून माझ्याकडं आला, माझ्याच हाताखाली तयार झाला, आणि तेव्हा तो तिशीचा होता, लग्न झालेला, एका पोरीचा बाप. मला 'दाजी' म्हणायचा. बोलायला कमी. पण हात! काय सांगू तुम्हाला त्याच्या हाताबद्दल. व्हॉल्व्हची फट तपासायला आमच्याकडं पातळ पोलादी पट्टी असते. ती फटीत सरकवायची आणि बोटाला किती ओढ लागते त्यावरून ठरवायचं, घट्ट की सैल. सकाळी, इंजिन पार गार असताना करायचं काम. मी करायचो तेव्हा इंजिन बरं चालायचं. दत्ता करायचा तेव्हा ते गायचं. हे मी नाही, साहेब म्हणायचे. एकदा माझ्यासमोरच म्हणाले, "मिस्त्री, राग मानू नका, पण व्हॉल्व्ह दत्तालाच करू द्या." मी हसलो. म्हणालो, माझाच चेला आहे साहेब. आणि त्या दिवशी घरी जाऊन भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून ताट भिंतीवर फेकलं.

हे का सांगतोय? — लागणार आहे म्हणून सांगतोय. थांबा जरा.

मी रागीट आहे हेही खोटं नाही. लई रागीट. तरुणपणी एका रिक्षावाल्याचा कान फाडलाय मी, खोटा पार्ट विकणाऱ्या एका दुकानदाराला त्याच्याच काउंटरवर आपटलाय. राग आला की मला ऐकू येत नाही. खरं सांगतो, कानात नुसता सूं आवाज होतो. हात कापतात. आणि नंतर कुणी विचारलं की तू त्याला आधी कुठं मारलं, तर आठवत नाही. राग असा असतो. निदान माझा तरी.

तर त्या उन्हाळ्यात साहेबांच्या गाडीचं इंजिन आम्ही खाली उतरवलं होतं. तेल गळत होतं, सगळी पॅकिंग बदलली, सफाई केली, आणि बसवायला घेतलं. सहा तोंडांत सहा लाल फडकी. एक वॉशर माझ्या हातून निसटला आणि मागच्या बाजूच्या सिलिंडराजवळ, पंख्याच्या हवेच्या वाटेवर जाऊन पडला. मी तो चिमट्यानं काढला. पुन्हा काही पडू नये म्हणून तिथं काही तरी झाकायला हवं होतं. जादाची लाल फडकी पेटीत ढीगभर होती. पेटी चार पावलांवर. आणि माझ्या खांद्यावर दस्ती होती. आमच्याकडं घाम पुसायच्या रुमालाला दस्ती म्हणतात. सुमननं जाड पांढऱ्या कापडाच्या चार दस्त्या शिवल्या होत्या मला, कडेला हिरव्या दोऱ्याचा टाका घालून, धुण्यात दुसऱ्याच्या कपड्यांत हरवू नयेत म्हणून. मी ती दस्ती काढली आणि तिथं अंथरली. चार पावलं वाचवली.

तेवढ्यात फोन आला. मी बोलत बोलत बाहेर गेलो, तिथून कुणाच्या तरी बंद पडलेल्या जीपकडं गेलो. माघारी आलो तर दत्तानं टोपण बसवून पंखा चढवला होता. दस्ती टोपणाच्या पार आतल्या अंगाला, त्याला दिसायचं कारणच नव्हतं. आणि लाल नसलेलं काही तिथं असेल हे त्याच्या डोक्यात तरी का यावं? माझ्यासमोर त्यानं फडकी काढली. "एक, दोन, तीन..." मोठ्यानं, चाचांच्या पद्धतीनं. "सहाच्या सहा, दाजी." मी म्हणालो, "व्हय, लाव आता." ऐकलं ना तुम्ही? त्यानं मोजली होती. बरोबर मोजली होती. मी ऐकली होती.

संध्याकाळी घरी जाताना खांदा मोकळा लागला. दस्ती कुठाय? मोटरसायकलवर बसता बसता क्षणभर थांबलो. — तिथं तर नाही ना राहिली? मग वाटलं, चहाच्या टपरीवर असंल, जीपमध्ये असंल. टोपण पुन्हा काढायचं म्हणजे अर्धा दिवस. आणि दत्तासमोर काढायचं म्हणजे मी, उस्ताद, चाचांचा नियम मोडला हे त्याच्यासमोर कबूल करायचं. मी किक मारली आणि घरी गेलो. हे पहिलं पाप. पण हे काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचणीला निघालो. साहेब गाडी चालवत होते, मी शेजारी. जालना रोड, शेंद्र्यापर्यंत हळूहळू. काटा जागेवर. साहेब लहान पोरासारखे खूश. शेंद्रा मागं पडल्यावर रस्ता मोकळा दिसला आणि त्यांनी पाय दाबला. करमाड जवळ आलं असंल. मागून एक आवाज आला, टक, टक. मी "साहेब, सोडा, पाय सोडा" म्हणेपर्यंत मागं धाडकन फुटलं. पिस्टन जाम झाला, रॉड तुटला आणि इंजिनाची कूस फाडून बाहेर आला. मागची चाकं जागच्या जागी बांधली गेली. गाडी गरकन फिरली. समोरून सळया भरलेला ट्रक येत होता, त्याचा हॉर्न अजून माझ्या डोक्यात आहे. त्याचं चाक आमच्या दाराला घासून गेलं. दाराचा पत्रा सोलला गेला, आरसा उडाला. मग गाडी रस्ता सोडून बाभळीत घुसली. साहेबांचं कपाळ स्टेअरिंगवर आपटलं आणि भुवईपासून केसांपर्यंत उकललं. रक्तानं त्यांचा डोळा भरला. मागं तेल तापल्या नळीवर सांडून भडका उडाला होता. मी उतरलो, दोन्ही हातांनी माती उपसून उपसून इंजिनावर फेकली. आग विझली. मला खरचटलंही नव्हतं.

त्या मातीत गुडघ्यावर बसलो असताना मला वास आला. तेलाचा नाही, रबराचा नाही. जळक्या कापडाचा. सुताचा वास वेगळा असतो हो, कुणी इस्त्री विसरलं की येतो तसा.

मला तिथंच कळलं.

हे लक्षात ठेवा. उघडायच्या आधी मला कळलं होतं. करमाडहून छावणीपर्यंत ओढत आणेस्तोवर माझ्याकडं विचार करायला वेळ होता. आणि मी विचार केला.

दुपारी गाडी गॅरेजमध्ये आली. बातमी पसरली होती. शेजारचा वेल्डर, टायरवाला, समोरचा चहावाला, सगळे गोळा. साहेबसुद्धा टाके घालून, डोक्याला पट्टी बांधून आले. डॉक्टरनं झोपायला सांगितलं होतं, पण त्यांना बघायचं होतं काय झालं ते. रागावलेले नव्हते. नुसते पांढरे पडलेले. आम्ही इंजिन काढून लोखंडी घोड्यावर, म्हणजे इंजिन ठेवायच्या स्टँडवर, ठेवलं. दत्ता टोपणाचे स्क्रू काढत होता. साहेबांची पट्टी त्याला बघवत नव्हती. मी म्हणालो, "सरक, मी काढतो." टोपण मीच उचललं. सगळ्यांकडं पाठ करून उचललं.

दस्ती सिलिंडरच्या पाकळ्यांना, ज्यांच्यामधून गार करणारी हवा जाते त्यांना, चिकटली होती. मधला भाग काळा, कडेला तपकिरी. आणि एका टोकाला, जिथं थोडी हवा लागली असंल तिथं, वीतभर काठ तसाच. हिरवा टाका. सुमनच्या हातचा.

मी तो काठ मुठीत धरून फाडला आणि खिशात घातला. कुणाला दिसलं नाही. उरलेला काळा चोथा ओढून बाहेर काढला. साहेबांनी मागून विचारलं, "काय निघालं मिस्त्री?" मी वळलो. म्हणालो, "चिंधी." आणि मग म्हणालो, "टोपण कुणी बंद केलं होतं?"

"मी, दाजी," दत्ता म्हणाला. मग म्हणाला, "पण मी मोजली होती. सहा होती. बघू."

आणि त्यानं हात पुढं केला. उजवा. घोड्याच्या लोखंडी कडेवरून, तळवा वर करून, चिंधी मागायला.

आता नीट ऐका, कारण इतकी वर्षं मी ज्याच्याभोवती फिरतोय ते हे आहे. ती चिंधी त्याच्या हातात गेली असती तर त्यानं ती चुरगाळली असती, मधल्या घडीत न जळलेलं कापड दिसलं असतं. पांढरं. जाड. लाल नाही. दत्तानं जन्मभर फडकी हाताळलेली, त्याला बोटानं कळलं असतं. तो म्हणाला असता, "दाजी, हे आपलं फडकं नाय." एवढंच. आणि त्याच्या मागं साहेब उभे होते, कपाळाला पट्टी.

माझ्या उजव्या हाताला ट्रे होता. ट्रेमध्ये हातोडा होता, आणि त्याच्या पलीकडं मोठा रिंग पाना. हातोडा जवळ होता. मी हातोडा घेतला नाही. हातोड्यानं माणूस कायमचा जातो, असा हिशेब माझ्या डोक्यात झाला. म्हणून मी हात आणखी पुढं नेला आणि पाना उचलला. आता तुम्हीच सांगा, रागानं आंधळा झालेला माणूस हत्यार निवडतो का?

मारला. त्या पुढं आलेल्या मनगटावर. खाली लोखंडाची कड, वर लोखंडाचा पाना. आवाज झाला — ओला आवाज, उसाचं पेर मोडल्यासारखा. दत्ता ओरडला नाही. त्यानं माझ्याकडं बघितलं, एवढंच. हात अजून तिथंच होता. त्याला तो मागं घेता येत नव्हता.

पहिला घाव भीतीचा होता. मान्य करतो आणि पुढं जातो. पण मी दुसरा मारला. दुसऱ्याची काय गरज होती? हात तर मोडला होता, चिंधी आता त्याला घेता येणार नव्हती. दुसरा मी बोटांवर मारला. बोटांवर — बघा, मनगटावर नाही. ज्या बोटांना पट्टीची ओढ कळायची त्या बोटांवर. तो घाव मी डोळे उघडे ठेवून मारला, आणि मारताना मला बरं वाटलं. सांगितलं. तोंडातून गेलं एकदाचं. बरं वाटलं मला.

त्यानंतर सगळं नाटक. मी बोंबललो, "हरामखोर, माणूस मारला असता तू आज! बघ त्यांच्या डोक्याकडं, बघ!" साहेबांच्या रक्ताचा मी असा वापर केला. त्याला खाली पाडून लाथा घातल्या, बरगड्यांत, पाठीत. थुंकलो. वेल्डरनं आणि टायरवाल्यानं मला मागून धरलं, "मिस्त्री, सोडा, मरंल तो," आणि मी त्यांच्या हातांत तडफडलो, जितकं तडफडायला हवं तितकं. चिंधी पायाखाली जाऊन तेलात लोळली होती. मी तिच्यावर बूट फिरवला. आणि या सगळ्यात, ऐका, माझ्या कानात सूं आवाज नव्हता. मला सगळं ऐकू येत होतं. चहावाल्याचा स्टोव्ह ऐकू येत होता. माझे हात कापत नव्हते. मला एकेक घाव आठवतो, क्रमानं, आज या घडीलाही.

मला राग आलाच नव्हता हो. तेच तर सांगायचं होतं.

दवाखान्यात डॉक्टरनं दत्ताला विचारलं, हे कशानं झालं. पोलिसात कळवावं लागेल म्हणाले. दत्ता शुद्धीवर होता. तो म्हणाला, "इंजिन घसरून पडलं." त्यानं माझ्यासाठी खोटं सांगितलं — बहिणीचा नवरा आत जाऊ नये म्हणून. मनगटाच्या हाडाचा चुरा झाला होता. सळ्या घातल्या, दोनदा कापलं. पण तीन बोटं आत आखडली ती उघडलीच नाहीत. आजही उघडत नाहीत. भाकरी तो डाव्या हातानं मोडतो. पोरीच्या लग्नात अक्षता टाकायला त्यानं उजवी मूठ उघडायचा प्रयत्न केला, मी बघत होतो. तांदूळ त्याच्या मुठीतच राहिले.

आणि माझं काय झालं? माझं नाव झालं. हसू नका. साहेबांनी चार जुन्या गाड्यावाल्यांना सांगितलं, त्यांनी आणखी चौघांना: छावणीत एक मिस्त्री आहे, कामात चूक झाली म्हणून सख्ख्या मेहुण्याचा हात मोडला त्यानं. डोकं गरम आहे, पण कामाला देवमाणूस. पुण्याहून, नाशकाहून गाड्या यायला लागल्या. लोक माझ्या रागाचं कौतुक करायचे, जसं कुणी मारक्या बैलाचं करावं. मी पण मग तो राग पोसला. गिऱ्हाईक आलं की उगाच कुणावर तरी ओरडायचो.

सुमन दोन महिने बोलली नाही. तवा आदळायची, पण बोलायची नाही. बोलली तेव्हा म्हणाली, "तुमचा राग एक दिवस माझं लेकरू खाईल." तिनं मला मारुतीचा शनिवार धरायला लावला, राग शांत व्हावा म्हणून. मी धरला. अजून धरतो. दर शनिवारी उपाशी राहून मी त्या मारुतीपुढं उभा राहतो आणि रागाबद्दल हात जोडतो, ज्या रागानं हे केलंच नाही. त्याला तरी काय वाटत असंल? एकदा धुणं घडी करताना ती म्हणाली, चारातली एक दस्ती दिसत नाही. मी म्हणालो, सलूनमध्ये राहिली. काठ तर मी त्याच संध्याकाळी वेल्डरच्या ज्योतीत धरला होता. क्षणात गेला.

पण हात मोडला हेसुद्धा सगळं नाही. हाडं मोडणं परवडलं. दत्ताला मी सहा महिन्यांनी परत कामावर घेतलं — लोक म्हणाले, बघा, केवढं मन. तो डाव्या हातानं पार्ट धुवायचा, निवडायचा, दिवसभर खुर्चीवर बसून माझ्या हाताकडं बघायचा. सुरुवातीला म्हणायचा, "दाजी, मला आठवतंय हो, मी सहा मोजली होती." मी काही बोलायचो नाही. नुसतं त्याच्या हाताकडं बघायचो. वर्षभरानं म्हणायला लागला, "मोजली होती असं वाटतंय." मग म्हणाला, "कदाचित आधीच्या इंजिनाची आठवण असंल." आणि एक दिवस मी आत काम करत असताना तो बाहेर कुणाला तरी सांगत होता, ते मी ऐकलं: "पाचच होती. मी सहा म्हणालो, पण पाचच होती. लक्ष नव्हतं माझं." त्याला ती पाच फडकी डोळ्यांपुढं दिसत होती हो! नव्हती तशी. मी त्याला दिसायला लावली — गप बसून बसून. हाताला निदान आवाज तरी झाला होता. हे काम मी बिनआवाजी केलं. आता तो नव्या माणसांना शिकवतो. वाकडी बोटं दाखवतो आणि म्हणतो, फडकी मोजत चला, मी एकदा विसरलो, त्याची ही खूण. चाचांचा नियम आज छावणीत जिवंत आहे तो दत्तामुळं. ज्यानं तो कधीच मोडला नाही त्याच्यामुळं.

सांगायच्या संधी आल्या नाहीत असं नाही. साहेब गेले तेव्हा आली, आता कुणाची भीती उरली नव्हती. दत्ताची आई गेली तेव्हा आली. कितीदा आम्ही दोघंच गॅरेजमध्ये असायचो, समोरासमोर, मधे इंजिन. तोंड उघडायचो आणि म्हणायचो, "तो पाना दे." तो डाव्या हातानं द्यायचा.

यंदाची भाऊबीज. दत्ता आला, पुंडलिकनगरला, घरी. सुमननं ओवाळलं. जेवणाआधी तो माझ्याजवळ ओसरीवर येऊन बसला. केस पांढरे झालेत त्याचे. म्हणाला, "दाजी, एक बोलायचं राहिलं होतं. इतकी वर्षं झाली, पण मी तोंडानं तुमची माफी कधी मागितली नाय. साहेब गेले असते त्या दिवशी. तुम्ही गेले असते. ताईचं कुंकू माझ्या हातानं पुसलं असतं. लई वाईट वाटतं हो मला. झोप लागत नाय कधी कधी."

असं म्हणून तो वाकला आणि माझ्या पायाला हात लावला. उजवा हात. बोटं उघडत नाहीत, म्हणून मुठीची मागची बाजू माझ्या पावलाला लागली. हाडं वर आलेली आहेत तिथं. खडबडीत.

ओसरीवर दुसरं कुणी नव्हतं. आत भांडी वाजत होती. एक वाक्य पुरं होतं. एकच.

मी त्याला खांद्याला धरून उठवलं. पाठीवर हात ठेवला. म्हणालो, "वेडा का तू? माणूस आहे, चूक होती माणसाकडून. मी तर तुला कधीच माफ केलंय."

त्याचे डोळे भरून आले. शर्टाच्या बाहीनं पुसले, हसला, आणि आत जाऊन बहिणीला म्हणाला, "ताई, दाजींचं मन लई मोठं हाय."

ती म्हणाली, "व्हय रे, रागीट हायेत, पण मनात काही ठेवत नायत." मग मला जेवायला हाक मारली. मी उठलो, आणि त्याच्या शेजारी जेवायला बसलो.